त्या आईचं वाक्य

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये मी खोली शोधत होते, तेव्हा ज्याने मला काकांचा, म्हणजे घरमालकाचा, पत्ता दिला त्यानेच बजावलं होतं, "खोली मस्त आहे, एसी दणदणीत आहे. फक्त आधी काकांचा सिनेमा बघावा लागेल. आणि मत द्यावं लागेल." मला वाटलं थट्टा करतोय. मी पगाराची स्लिप, पासपोर्ट, आधीच्या घरमालकाची शिफारस असं सगळं बाड घेऊन गेले. काकांनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला थेट गॅरेजमध्ये नेलं, घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि गॅरेजचं दार खाली केलं. आत आधीच काही मराठी माणसं केळ्याचे वेफर्स खात बसली होती, म्हणून मी पळाले नाही एवढंच.

मी सोलापूरची. उन्हाचं कौतुक मला कोणी सांगू नये. पण ॲरिझोनाचं ऊन म्हणजे चुलीसमोर तोंड धरून बसल्यासारखं, आणि अशा उन्हात काकांची गाडी बाहेर तापत असायची, कारण गॅरेजमध्ये सिनेमा असायचा. दर शनिवारी दुपारी, एकच सिनेमा. मल्याळम, जुना, मारामारीचा आणि रडवणारा. केरळात म्हणे शेंबड्या पोरालाही त्यातले संवाद पाठ असतात. काकांकडची प्रत जुन्या टेपवरून उतरवलेली होती, त्यामुळे नदी आणि आकाश एकाच मळक्या रंगाची दिसायची. खाली इंग्रजी ओळी नव्हत्या. काकांना त्या चालल्याही नसत्या. "सबटायटल म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास," असं म्हणायचे आणि स्वतः घास चावून द्यायला उभे राहायचे. कमरेला सोनेरी काठाचं पांढरं मुंडू, म्हणजे केरळी लुंगी, अंगात निवृत्तीच्या वेळी कंपनीने दिलेला टीशर्ट, हातात पडद्याचा जुना रॉड. भूगोलाच्या मास्तरांनी नकाशा दाखवावा तसा रॉड फिरवत ते सगळ्या पात्रांचं बोलणं मराठीत सांगायचे.

काका मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी कोचीला जहाजाच्या गोदीत इंजिनियर होते. त्यामुळे सिनेमातला वाळूचा ठेकेदार त्यांच्या तोंडून अस्सल रंकाळ्याच्या काठावरचं बोलायचा. "वाळू काय तुझ्या बाची हाय व्हय रं?" असं केरळातला तो जाडा माणूस म्हणाला की गॅरेज हसायचं. गोष्ट साधी होती. होडीतून वाळू वाहणारा एक तरुण. ठेकेदाराची माणसं त्याच्या मित्राला मारून टाकतात. मग हा ठेकेदाराच्या मागे लागतो, चिखलात दोघांची लांबलचक मारामारी होते, आणि त्या झटापटीत ठेकेदाराच्या धाकट्या, निरपराध भावाचा जीव जातो. हिरो चिखलाने माखलेला घरी येतो. पोलीस अंगणाबाहेर येऊन थांबलेत. म्हातारी आई काही विचारत नाही. पान मांडते, पेज वाढते, माशाचं कालवण वाढते आणि एक वाक्य बोलते. तो जेवतो आणि पोलिसांबरोबर जातो. संपला सिनेमा.

ते वाक्य आलं की काका रॉड खाली ठेवायचे. आवाज एकदम उतरायचा. "जेवून घे आधी. मग जा. मी दार लावणार नाही."

पडदा काळा झाला की चहाच्या आधी मतं. "छान होता" हे मत चालायचं नाही. "छान तर वडापावही असतो. आई बरोबर की चूक, ते बोला." मग एकेकाकडे रॉड वळायचा. मी गेले त्या दिवशी पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, आई ती आईच हो शेवटी. नागपूरचा एक सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला म्हणाला, "काका, आई तर नेक्स्ट लेव्हल आहे यार." त्याचा मुलगा म्हणाला, "व्हाय डिडन्ट शी कॉल अ लॉयर?" काका त्या मुलावर खूष झाले, मोठ्यांवर नाही. "हे मत नाही, हे पॉटलक आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी आपापलं गोड आणायचं."

मग रॉड माझ्यावर आला. मला भूक लागली होती, वेफर्स संपले होते आणि खोली मिळते की नाही याचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, "आई चुकली. ह्याला कालवण वाढते, ठीक. पण तो धाकटा भाऊ मेला त्यालाही आई असेलच ना. ती सिनेमात कुठे आहे? तिला कोणी जेवायला वाढलं?"

गॅरेजमध्ये कोणी वेफर चावला असता तर ऐकू आला असता. पुण्याच्या काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात चप्पल घालून गेले. काकांनी रॉड भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "हिला किल्ली द्या."

त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी पुण्याच्या काकूंनी फोन करून सांगितलं. काकांचा एकुलता मुलगा तुरुंगात होता. सुट्टीत घरी आला होता, पार्टीतून पिऊन गाडी चालवत निघाला आणि हिरव्या सिग्नलवर रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. बाई वृद्धाश्रमातली कामाची पाळी संपवून घरी चालली होती. जागीच गेली. "आणि तू म्हणे मेलेल्याची आई कुठे आहे," काकू म्हणाल्या. "अगं, आम्ही सगळे किती सांभाळून बोलतो त्यांच्यासमोर." मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मत बदलावंसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. आणि काकांना नेमकं तेच हवं होतं. सगळं गाव त्यांच्याशी गोड बोलत होतं आणि त्यांचा त्या गोडावरचा विश्वास उडाला होता.

त्यांच्याबरोबर गाडीत बसणं ही एक शिक्षा होती. दुकान समोर दिसत असताना ते उलट दिशेने वळायचे आणि फिरून फिरून भलतीकडून यायचे. लोक हसायचे, म्हणायचे काकांचा जीपीएस कोल्हापूरचा आहे. तो ज्या सिग्नलला अपघात झाला तो टाळण्यासाठी हा सगळा वळसा होता. मीही एकदा घाईत असताना "काका, सरळ घ्या ना" म्हणून ओरडले होते. ते शांतपणे म्हणाले, "भरलेली होडी सरळ जात नसते." हाही त्या सिनेमातलाच संवाद.

ही त्यांची खरी खोड. स्वतःचं वाक्य त्यांच्यापाशी नव्हतंच. मी दिवा चालू ठेवून गेले तर "ठेकेदाराच्या घरी उजेड फार" अशी चिठ्ठी दारावर. माझा व्हिसा लटकला, मी दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही, तेव्हा दाराशी रस्समचा थर्मास ठेवून बाहेरूनच म्हणाले, "भरती गेली की होडी टेकते. भरती परत येते." मला राग आला. सरळ विचारा ना माणसाने, कशी आहेस म्हणून. पण रस्सम प्यायले आणि रडू आलं, हेही खरं. बायकोच्या हातचं रस्सम त्यांनी तिच्या शेवटच्या आजारपणात तिच्या पलंगाशेजारी उभं राहून शिकून घेतलं होतं.

काकांची बायको, म्हणजे घरच्या काकू, मल्याळी होत्या. गोदीच्या ऑफिसात कामाला होत्या, तिथे जमलं. घरच्यांच्या मनाविरुद्ध रजिस्टर लग्न केलं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं मिळून पाहिलेला सिनेमा हाच. काकांना मल्याळमचं ओ की ठो कळत नव्हतं. काकूंनी अंधारात त्यांच्या कानाशी लागून, दोघांना येत होतं त्या मोडक्या हिंदीत, एकेक संवाद सांगितला. काकांनी तो तसाच जपला, पुढे मराठीत आणला, आणि काकू गेल्यावर गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या. "ती त्या आईच्या सीनला दर वेळी रडायची," ते सांगायचे. "आनंदानं." एवढी वर्षं संसार करून त्यांचं मल्याळम बाजारहाटापुढे गेलं नव्हतं. मासा ताजा आहे का, तिखट कमी कर, दार लाव. पण ते इतक्या ठसक्यात बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांना सगळं येतं. मल्याळी माणसांना मात्र ते शनिवारी बोलवत नसत. "त्यांनी तो आईच्या पोटातच पाहिलेला असतो. त्यांचं मत शिळं."

मुलगा घरात काकूंशी मल्याळममध्ये आणि बापाशी इंग्रजीत बोलत वाढला. मराठी त्याला येत नव्हती. तो सिनेमा त्याने लहानपणी अम्माच्या मांडीवर बसून कितीदा पाहिला होता. गॅरेजातलं मराठी प्रकरण सुरू झालं तेव्हा तो नोकरीसाठी दुसरीकडे राहत होता, त्यामुळे बापाचं भाषांतर त्याने कधी ऐकलं नाही.

कोर्टात शिक्षा सुनावली त्या दिवशीची गोष्ट काकांनी मला स्वतः सांगितली. मुलाला आत नेण्याआधी क्षणभर कठड्याशी बोलू दिलं. दुसरा बाप काही बोलला असता. काकांनी सिनेमातलंच आणलं. "मी त्याला म्हटलं, ती आई शेवटी काय म्हणते ते आठवतंय ना? तेच माझं सांगणं समज." सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आयुष्यात एकदाच आपण योग्य वेळी योग्य बोललो असं त्यांना वाटत होतं. मुलाने बापाकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेला.

त्यानंतर त्याने बापाला एकदाही भेटू दिलं नाही. तिथे कैद्याची संमती असल्याशिवाय भेट होत नाही, आणि फोनही कैद्यानेच करायचा असतो. त्याने संमती दिली नाही, फोन केला नाही. काकांनी त्याचा अर्थ लावला की पोराला तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून ते त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला कार्ड पाठवायचे. वर नाव आणि खाली इंग्रजीत एकच ओळ, 'त्या आईनं सांगितलं तेच अजूनही.' मी म्हटलं, "काका, दोन शब्द जास्त लिहा. कसा आहेस, मी वाट बघतोय, असं काहीतरी." ते म्हणाले, "त्यात सगळं येतं."

शिक्षा संपत आली होती. पानगळीच्या सुमारास सुटेल असा अंदाज होता. काकांनी मुलाच्या खोलीला रंग दिला, गादी बदलली, मला विचारून निळ्या चादरी आणल्या. शनिवारच्या मतांमध्ये आता त्यांचा जीव जास्त अडकू लागला. पाहणाऱ्यांना ते पुन्हा पुन्हा विचारायचे, सुटून आल्यावर त्या मुलाने पुढे कसं वागावं, आईने कसं वागावं. सिनेमा तर तुरुंगाच्या आधीच संपत होता. पुढचं कोणी दाखवलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात सिनेमाची नवी, धुऊन पुसून स्वच्छ केलेली प्रत निघाली आणि आमच्याकडच्या थिएटरात आठवडाभर लागली. काका लहान मुलासारखे झाले. आख्खी एक रांग आम्हा मराठी लोकांसाठी बुक केली. शनिवार दुपारचाच शो. मुंडू कडक इस्त्रीचं, कपाळाला चंदन. थिएटर मल्याळी लोकांनी खचाखच भरलेलं, शिट्ट्या, कोणीतरी चेंडा, तो केरळी ढोल, आणलेला. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्यांदाच कळलं की नदी हिरवी आहे.

खाली इंग्रजी ओळी होत्या. काका सवयीने कुजबुजत भाषांतर करू लागले आणि आमच्या रांगेत खसखस पिकली, कारण ठेकेदाराच्या तोंडी त्यांनी घातलेल्या निम्म्या शिव्या मुळात नव्हत्याच. काकांनाही मजा वाटत होती. "हे सबटायटलवाले भित्रे," ते म्हणाले. मारामारीत थिएटर नाचलं. मग हिरो घरी आला आणि सगळं चिडीचूप झालं.

म्हातारीने पान मांडलं. पेज वाढली. तिने तोंड उघडलं, आणि तिच्याबरोबर आख्ख्या थिएटरने ते वाक्य म्हटलं. बायका, बाप्ये, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी, प्रार्थना म्हणावी तसं हळू. खाली इंग्रजीत ओळ उमटली. तिचा अर्थ होता, 'जेवून घे. हे शेवटचं. यानंतर हे दार तुझं नाही.'

काकांचे ओठ आधीच हलले होते. "मी दार लावणार…" इथपर्यंत ते आले आणि थांबले. आमच्या रांगेत कोणी कोणाकडे बघेना. काकांच्या पलीकडे एक मल्याळी मुलगी बसली होती, विशीतली. काका तिच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "खाली लिहिलंय ते बरोबर आहे का?"

"कोणतं, अंकल? ते वाक्य?" ती हसली. "ते सगळ्यांना पाठ असतं. मी उशिरा घरी आले की डॅड तेच ऐकवतो."

दिवे लागले. कोणी मत विचारलं नाही, कोणी दिलं नाही. पार्किंगमध्ये पुण्याच्या काकू म्हणाल्या, "सबटायटल चुकतात हो कधीकधी." काकांनी मान डोलावली. लोक पटापट आपापल्या गाड्यांकडे गेले.

गाडी मी चालवत होते. मी ती पार्किंगमधून बाहेर काढली. मग काका बोलायला लागले, आणि त्यात सिनेमातलं एकही वाक्य नव्हतं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या आईनं तिला समोर बसवून जेवायला वाढलं होतं. मी बाहेर रस्त्यावर उभा. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली गं आई? ही म्हणाली, दार उघडं आहे, कधीही या म्हणाली." ते थांबले. "मी तिला दर वर्षी म्हणायचो, चल, तुझ्या आईकडे जाऊन येऊ. ती म्हणायची, पुढच्या वर्षी. मला वाटायचं, हिलाच मिजास आहे. तसं बोलूनही दाखवलं मी एकदोनदा. दार तर तेव्हाच लागलं होतं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"पोराला मल्याळम येतं," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला थिएटरातच कळला होता. कठड्याशी उभ्या मुलाला बापाने जे सांगितलं ते त्याला काय ऐकू आलं होतं? यानंतर हे दार तुझं नाही. आणि मग दर वाढदिवसाला एक कार्ड. त्या आईनं सांगितलं तेच अजूनही. अजूनही. बाप मायेने धाडत होता आणि मुलगा दर वर्षी घराबाहेर काढला जात होता. मला काकांचा भयंकर राग आला. एवढं वय झालं, एवढं शिकले, पण पोराला 'घरी ये' म्हणायला जीभ वळली नाही ह्यांची. आणि तेवढीच दयाही आली. गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघंही रडलो, आणि एकमेकांना नॅपकिन देण्याचा शिष्टाचार तेवढा पाळला.

सोमवारी त्यांनी तुरुंगात फोन लावला. तिकडून सांगितलं, तो सुटला. आत्ता नाही, वसंतातच. चांगल्या वागणुकीची सूट मिळाली होती. कुटुंब आहे का, या प्रश्नाला त्याने नाही म्हणून सांगितलं होतं. आम्ही निळ्या चादरी आणत होतो तेव्हा तो जवळच मेसामध्ये, टायर बदलण्याच्या एका दुकानात कामाला होता. त्याच्या वकिलाने निरोप पोचवला. जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ भेटेन, असं मुलाचं उत्तर आलं.

काकांनी मला बरोबर नेलं. "अशा वेळी माझं इंग्लिश अडतं," म्हणाले. दुकानामागे पत्र्याच्या सावलीत एक लाकडी टेबल आणि दोन बाकडी होती. मुलगा हात पुसत आला. काकूंच्या फोटोतले डोळे, जसेच्या तसे. बापाच्या समोर बसला, माझ्याकडे बघून मान हलवली. काका म्हणाले, "त्या सिनेमात…" आणि तिथेच थांबले. मी टेबलाखाली मुठी आवळल्या. मग ते इंग्रजीत, एकेक शब्द जोखत म्हणाले, "मला मल्याळम येत नाही. कधीच आलं नाही. मला वाटत होतं, ती आई म्हणते, मी दार लावणार नाही. मी तुला ते सांगत होतो. प्रत्येक कार्डात तेच सांगत होतो."

मुलाच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. तो टेबलावरचा ग्रीसचा डाग अंगठ्याने घासत राहिला. "तुम्हाला मल्याळम येत नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग वर बघितलं. "तुम्हाला असं कोणी सांगितलं? ती असं म्हणते म्हणून?"

काकांनी त्या डागाकडे बघितलं.

"डिड अम्मा टेल यू दॅट?" त्याचा आवाज बारीक झाला. "डिड शी लाय टु यू?"

उत्तराची वाट न बघता तो इंग्रजीत भराभर बोलू लागला. आत असताना मी फक्त तिच्याशी बोलायचो, म्हणाला. मनातल्या मनात, रोज. मला वाटायचं, अम्मा असती तर तिनं असं दार लावलं नसतं. तिनं तुम्हाला तसं करू दिलं नसतं. एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे. "सो डोन्ट टेल मी इट केम फ्रॉम हर, बाबा. प्लीज."

मला सगळं ठाऊक होतं. आदल्या दिवसापर्यंत काकांनी मला दहा प्रकारे सांगितलं होतं, अंधारात कानाशी लागून तिनं काय सांगितलं ते. मी तोंड उघडणार होते. काकांनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईनं मला बरोबरच सांगितलं होतं. शब्द न् शब्द. मीच विसरलो. मीच मला हवं तसं लक्षात ठेवलं. चूक माझी."

मुलाने हातातलं फडकं टेबलावर टाकलं. मग हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "दॅट्स सो यू," तो म्हणाला.

"घरी चल," काका म्हणाले. मराठीत म्हणाले. तेवढं त्याला कळलं.

"नो, बाबा." तो उठला. रागाने नाही, थकल्यासारखा. आठ तास उभं राहून काम करणाऱ्या माणसासारखा. जाता जाता वळून म्हणाला, अम्माचा एखादा फोटो असेल तर हवा आहे, माझ्याकडे एकही नाही.

गाडीत मी काकांवर तुटून पडले. "का खोटं बोललात? अहो, तुमची चूक अर्धीही नव्हती. खरं सांगितलं असतं तर आला असता कदाचित."

"आला असता," ते म्हणाले. "आणि मग त्याची आई गेली असती. दुसऱ्यांदा."

घरी येऊन त्यांनी काकूंचे सगळे फोटो पलंगावर पसरले. संध्याकाळपर्यंत बघत होते. एकटीचे होते ते आजारपणातले, ते त्यांना द्यायचे नव्हते. सगळ्यात चांगला होता लग्नाच्या दिवशीचा, रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेरचा, दोघांचा, शेजारी शेजारी उभं राहून काढलेला. त्यांनी माझ्याकडे कात्री मागितली. मी दिली नाही, तेव्हा स्वयंपाकघरातून स्वतः घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो दुकानात नेऊन दिला. मुलाने हात स्वच्छ धुतले आणि मग घेतला. काकू हसत होत्या, तरुण, केसांत मोगरा. कात्री थोडी लांबून फिरली होती, त्यामुळे त्यांच्या खांद्याला लागून एका पांढऱ्या शर्टाची बाही राहून गेली होती. मुलाने त्या बाहीवरून एकदा अंगठा फिरवला आणि फोटो खिशात ठेवला. त्याने काही विचारलं नाही आणि मला काही सांगायची परवानगी नव्हती.